हिरवी बाटली

भांडी घासायचं लिक्विड बाजारात पहिल्यांदा आणणाऱ्या कंपनीत तो चौदा वर्षं केमिस्ट होता. मालकाशी बिनसल्यावर त्याने स्वतःचं काढलं. फेस दुप्पट, किंमत कमी. पण दुकानदार त्यालाच समजवायचे, "साहेब, तुमचं चांगलंच आहे हो. गिऱ्हाईक दुकानात शिरतं तेच जुन्याचं नाव घेत, त्याला आम्ही काय करणार?"

सहा वर्षं तो लोकांच्या नावाने बोटं मोडत राहिला. निदान घरच्या ओट्यावर तरी आपली हिरवी बाटली आहे, एवढाच काय तो आधार.

रविवारी बायकोला बरं नव्हतं, म्हणून तो भांडी घासायला उभा राहिला. हिरवी बाटली दाबली आणि हात जागीच थांबला. हा वास तो झोपेतही ओळखला असता. जुन्या कंपनीत त्यानेच तर तो तयार केला होता.

"आपल्या बाटलीत त्यांचं ओतून वापरतेस?" त्याने दारातूनच विचारलं. "कधीपासून?"

"पहिल्यापासून," बायको पडल्यापडल्या म्हणाली.

तिने कूस बदलली. "लग्न झाल्यावर त्यांची पहिली बाटली तुम्हीच आणून दिली होतीत, अहो. हात त्यावर बसला तो बसलाच."