रेघ हलते

रबरी चादर शोधायला तिने स्टुलावर चढून माळ्यावर हात घातला, आणि हाताला लागली गिटारची पेटी. खाली नणंदबाई स्टूल धरून उभ्या होत्या. मिळाली का, असं त्यांनी कुजबुजत विचारलं. गेले आठ महिने त्या घरात सगळं कुजबुजतच चाललं होतं.

तिच्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी सुरुवातीचे काही दिवस शांतता ठेवायला सांगितलं होतं. ते दिवस कधीच सरले. शांतता मात्र नणंदबाईंनी मनावर घेतली. भावासाठी त्या स्वतःचं घर सोडून इथे येऊन राहिल्या होत्या आणि जीव तोडून राबत होत्या, त्यामुळे त्यांना कुणी काही बोलायची सोय नव्हती. दारावरची बेल त्यांनी काढून ठेवली. कुकरच्या शिट्टीला बंदी घातली. शेजारणी समाचाराला यायच्या त्या चपला हातात घेऊन.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो छताकडे बघत पडून होता. जन्मभर नकाशे काढलेला ड्राफ्ट्समन तो. हाताचा पक्का आणि जिभेचा तिखट. वर्तमानपत्राशीसुद्धा वाद घालायचा. आता काहीही विचारा, पापण्या मिटून हो. फिजिओथेरपिस्ट रोज लुळा पडलेला उजवा हात उचलायला सांगायचा, आणि हा त्याच्याकडे बघायचाही नाही. आज सकाळी तर त्या मुलाने तिला जिन्यात गाठून सांगितलं, की हातात ताकद आलीये, काकू, पण काकांनाच काही नकोय. असाच पडून राहिला तर तो हात कायमचा आखडेल.

तिने पेटी आणि तिच्यामागे ठेवलेला छोटा अ‍ॅम्प्लिफायर खाली उतरवला. बुरशीचा वास आला. आत ती लालभडक इलेक्ट्रिक गिटार तशीच होती, फक्त तारा गंजल्या होत्या. नोकरीत असताना टेलिफोन एक्स्चेंजच्या ऑर्केस्ट्रात ती या गिटारवर गाण्यांतले मुख्य तुकडे वाजवायची. लग्नानंतरही वाजवायची. मग नवरा ऑफिसचं काम घरी आणायला लागला, आणि तिने एक सूर काढला की आतून आवाज यायचा, ‘रेघ हलते!’ शेवटी एकदा कडाडून भांडण झालं आणि तिने रागाच्या भरात गिटार माळ्यावर टाकली. राग चार दिवसांत गेला. गिटार काढायची राहिली ती राहिलीच.

नणंदबाईंनी पदराने पेटीवरची धूळ झटकली आणि म्हणाल्या, की बरं झालं सापडली, उद्या भंगारवाला यायचाय. त्या सहज म्हणाल्या, पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने एका हातात गिटार घेतली, दुसऱ्या हातात तो छोटा अ‍ॅम्प्लिफायर, आणि सरळ नवऱ्याच्या खोलीत गेली.

पलंगाच्या उजव्या अंगाला, उशीजवळ विजेचा बोर्ड होता. तिने टेबललॅम्पची पिन उपटली आणि अ‍ॅम्प्लिफायरची खोचली. आधी नुसती खरखर झाली. तारा जुळवताना सगळ्यांत बारीक तार तुटली. राहिलेल्या पाचांवर तिने हात मारला. आवाज भयंकर होता. खिडकीची काच थरथरली, बोटं कापल्यासारखी झाली आणि अर्धे सूर चुकले. तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

नणंदबाई कानांवर हात ठेवून धावत आल्या.

“अगं, तो आजारी आहे. कळतंय का तुला?”

“कळतंय, ताई. मी त्यांच्यासाठी वाजवतच नाहीये. माझ्यासाठी वाजवतेय.” तिने नवऱ्याकडे बघितलं आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाली, “त्यांची रेघ आता कुठे हलणार आहे?”

नणंदबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. आजारी माणसाच्या तोंडावर असं कुणी बोलतं का! तिलाही आतून चर्र झालं. पण माघार घ्यायची नाही असं तिने ठरवलंच होतं. तिने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि आता अख्खं घर डोक्यावर घेतलं.

नवऱ्याच्या घशातून घरघर आली. कपाळाला आठी पडली. त्याने डावा हात बोर्डाकडे नेला, पण बोर्ड उजवीकडे, हात छातीपर्यंतच पोचला. तो पुन्हा प्रयत्न करत होता, तोंड लाल झालं होतं. नणंदबाई विनवण्या करत होत्या. ती मान खाली घालून वाजवत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण बोटं थांबली नाहीत.

आणि आवाज खटकन बंद झाला.

“बघ,” नणंदबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, “नको झालंय त्याला. त्याने पिनच काढून टाकली. आता तरी पुरे कर.”

तिने वर बघितलं. पिन बोर्डातून निघून खाली लोंबत होती. वायर अजून त्याच्या मुठीत होती, आणि ती मूठ उजव्या हाताची होती. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत जुना, ओळखीचा, सणसणीत राग होता.

तिने वायर त्याच्या मुठीतून हळूच सोडवून घेतली. मग पिन बोर्डाच्या पार पलीकडच्या टोकाला, वीतभर लांब खोचली.

“काढा,” ती म्हणाली, आणि पुन्हा वाजवायला लागली.