बाकावरचा स्ट्रायकर

“गाववाला, रूममेट, मेव्हणा असलं बघून संघ उभा राहत नसतो, बशीरभाई! म्हातारी खोडं काढा आणि तरणी पोरं घ्या!”

धनाजी चपातीचा तुकडा हातात धरूनच बोलत होता. मेसमधली निम्मी टेबलं ऐकत होती, उरलेली हसत होती. कतारमधल्या अल खोरच्या त्या कामगार कॅम्पात धनाजी कंपनीची बस चालवायचा. फुटबॉलला त्यानं उभ्या जन्मात पाय लावला नव्हता. पण कोल्हापूरचा गडी, मत मांडल्याशिवाय जेवण पचायचं नाही.

कॅम्पात आठ संघांची लीग होती. दर हिवाळ्यात नव्या खेळाडूंचा ड्राफ्ट व्हायचा. जो संघ तळाला, त्यानं पहिला खेळाडू उचलायचा. बी ब्लॉक चार वर्षं तळाला होता आणि तीनदा मिळालेला पहिला पिक कप्तान बशीरनं पार मातीत घातला होता. यंदाही तळाला राहिलात तर संघ बंद, अशी नोटीस कमिटीनं लावली होती. रत्नागिरीचा बशीर स्टोअरकीपर होता, शांत माणूस. त्यानं धनाजीचं सगळं ऐकून घेतलं, ताक पिलं आणि उठून गेला.

यंदा सगळ्यांचा डोळा एकाच पोरावर होता. सागर, गडहिंग्लजचा, वेल्डर. असला स्ट्रायकर कॅम्पानं पाहिला नव्हता. कामावर, रास लफ्फानच्या गेटला बस थांबली की शेवटच्या दोन पायऱ्या तो उडी मारूनच उतरायचा.

गुरुवारी सकाळी मात्र तो आडवा होऊन, दोन्ही हातांनी दांडा धरून उतरला. मागची रांग खोळंबली. अकरा वर्षं आरशात माणसं बघणाऱ्या धनाजीला आणखी काही सांगायला नको होतं. संध्याकाळी कॅम्पावर त्यानं सगळ्यांना उतरू दिलं, सागरला थांबवलं आणि दार लावलं.

“गुडघा?”

सागरचा चेहरा उतरला. “सरावात मुरगळला, मामा. बाहेरच्या डॉक्टरला दाखवला. म्हणाला, महिनाभर खेळलास तर कायमचा जाईल.”

“मग ड्राफ्टमधनं नाव काढ की लगा!”

“काढलं तर का काढलं विचारतील. लीगचा पंच माझाच सुपरवायझर आहे. प्रोबेशनचे तीस दिवस राहिलेत. गुडघा गेलाय कळलं तर परतीचं तिकीट हातात देतील. घरात कमावता मी एकटाच आहे, मामा. कुणाला बोलू नका.”

धनाजीनं शब्द दिला. रात्रभर मात्र त्याला बशीर दिसत होता. बी ब्लॉकला खरी गरज होती ती ड्राफ्टमधल्याच सुरेशची. केरळचा सुरेश बचावाला उभा राहिला की मुंगी पलीकडे जात नसे. सागरला सोडून सुरेशला घेतलं तर संघ वाचत होता. पण दुसरा पिक ए ब्लॉकचा होता. त्यांचा कप्तान ताप आलेल्या माणसालाही मैदानात पळवायचा.

शुक्रवारी मेसमध्ये ड्राफ्ट सुरू झाला. पंचानं पुकारलं, “बी ब्लॉक, पहिला पिक.” बशीर उठला. मग चार वर्षांत पहिल्यांदाच मागं वळून त्यानं विचारलं, “बोल धनाजी, कुणाला घेऊ?”

सगळी मेस धनाजीकडे बघायला लागली. ज्या क्षणाची इतकी वर्षं वाट पाहिली तो असा आला होता.

“सागर,” तो म्हणाला.

मेसमध्ये टाळ्या पडल्या. दुसऱ्या पिकला ए ब्लॉकनं सुरेश उचलला.

पुढच्या चार शुक्रवारी सागर बूट, मोजे सगळं घालून बाकावर बसून राहिला. त्याला शेवटच्या सामन्यांसाठी राखून ठेवा, असं धनाजीनंच बशीरला सांगितलं होतं. बी ब्लॉक तीन सामने हरला, एक कसाबसा बरोबरीत सुटला. सुरेशच्या ए ब्लॉकनं तर चार गोल चढवले. बसमध्ये माणसं चढता चढता धनाजीला शिव्या घालायची. पहिला पिक काय लोणच्यात घालायला घेतला काय रे? धनाजी सांगायचा, हुकमाचं पान शेवटी टाकायचं असतं, संघ बांधायला वेळ लागतो. स्वतःचं बोलणं त्याला स्वतःलाच पटत नव्हतं. एकदा पंचानंच त्याला गाठलं, “सागर को खिलाता क्यों नहीं?” “साब, प्लॅन है,” एवढंच तो बोलला.

एकतिसाव्या दिवशी सागर गेटला उतरला. दांडा न धरता, पण उडी न मारता. संध्याकाळी त्यानं कायम झाल्याचं पत्र धनाजीला दाखवलं आणि तिथंच, बसच्या पायरीवर, तो रडला. धनाजीलाही भरून आलं. तो तडक बशीरच्या खोलीवर गेला.

“बशीरभाई, सागरचा गुडघा मला आधीच ठाऊक होता. पिक मी जाणूनबुजून घालवला. संघ बुडाला तर माझ्यामुळं. काय शिव्या द्यायच्या त्या द्या.”

बशीर चहा ओतत होता. “तो दांडा धरून उतरला त्या सकाळी बसमधून त्याच्या मागं मीच उतरलो रे. संध्याकाळी तू त्याला थांबवून दार लावलंस, तेही बघितलं.”

“आँ? मग मला कशाला विचारलंत?”

बशीरनं चहाचा पेला त्याच्यापुढं सरकवला.

“सागरलाच घ्यायचं हे माझं ठरलं होतं. पण एवढ्या शिव्या मला एकट्याला झेपल्या नसत्या.”