अडकलेली सीडी

"ती सुरी ठेवा आधी खाली!" मी सासऱ्यांना म्हटलं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये नणंदेच्या डोहाळजेवणाची सीडी अडकली होती. ती वाजत नव्हती आणि बाहेरही येत नव्हती. बटण दाबून दाबून बोट लाल झालं, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातून सुरी आणली होती.

"राहू दे गं, त्यात काय बघायचंय?" असं म्हणत ते तिथून हलत मात्र नव्हते.

बटणाखाली एक बारीक भोक असतं. मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढून मी तिचं टोक आत दाबलं, तसा कप्पा सुटला. सीडी ओढणीने पुसून मी पुन्हा लावली.

पडद्यावर बायका सासूबाईंना आग्रह करत होत्या. त्या लाजल्या, मग म्हणाल्या, "लेकीच्या डोहाळ्यांना केला साखरभात, मुकुंदरावांचं नाव घेते भरल्या घरात."

सासूबाईंना जाऊन वर्ष झालं. जन्मभर त्यांनी सासऱ्यांना 'अहो'च म्हटलं. त्यांच्या आवाजात ते नाव उरलं होतं, ते एवढंच.

सासरे खुर्चीत पुढे सरकले आणि पडद्याकडे बघत त्यांनी हळूच ओ दिली.