तपासणीला आलेले आजोबा

गेटला आतून कुलूप होतं आणि चावी विलावनच्या कमरेला. तरी आजोबा अंगणात उभे होते.

पांढरा सदरा, पांढरी विजार, पाय अनवाणी. महाचाई गावात भर दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि आजोबांच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता.

"तपासायला आलोय," ते म्हणाले.

म्हणजे पशुधन खात्याचे साहेब, असं विलावनने धरलं. मांजरांच्या खाण्याचा कारखाना काढायचा तर त्या खात्याची मंजुरी लागते, आणि साहेब न सांगताच उगवतात, असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. तिने जाळीची टोपी चढवली आणि पुढे झाली. या मंजुरीसाठी तिने आणि नवऱ्याने, थावीने, टुना मासळीच्या कारखान्यातल्या नोकऱ्या सोडल्या होत्या. परत जायची सोय नव्हती, कारण शेवटच्या दिवशी थावीने मॅनेजरसमोर नाचून दाखवलं होतं.

आजोबांनी मासळी आत येते ते दार पाहिलं, डबे बाहेर जातात ते दार पाहिलं.

"कच्चं आणि पक्कं वाटेत भेटत नाही ना?"

"नाही, आजोबा."

"मांजर आत येतं?"

"छे. मांजराला आत यायची बंदी आहे. नियमच आहे तसा."

"मांजरांच्या खाण्याच्या कारखान्यात."

"हो."

"छान," आजोबा म्हणाले. त्यांनी गटाराची जाळी वाकून पाहिली. मग एका कोपऱ्यात फरशीवर तळवा ठेवला. "इथे खाली विहीर होती. गोड पाणी होतं."

हे साहेबांच्या कागदात असणं शक्य नव्हतं.

तिने पाणी विचारलं. त्यांनी लाल सरबत मागितलं. तिने पेला समोर ठेवला, स्ट्रॉ घातली. आजोबा डोळे मिटून थोडा वेळ बसले आणि तृप्त होऊन उठले. पेला काठोकाठ भरलेला होता. त्यांची पाठ वळल्यावर तिने एक घोट घेऊन पाहिला. नुसतं लाल पाणी. गोडी कुठे गेली कोण जाणे.

तिने हात जोडले ते जोडलेच राहिले. गेटजवळ जागेच्या देवाचं छोटं घर, जिथे असाच लाल सरबताचा नैवेद्य ठेवतात, ते अजून बसवायचं होतं. मुहूर्त पुढच्या महिन्याचा निघाला होता. देव तोवर थांबले नव्हते. स्वतःच आले होते.

"आता सांग," आजोबा म्हणाले, "मांजरं कशाने वेडी होतात?"

तिने चुलीवरच्या पातेल्याचं झाकण काढलं. वाफ बाहेर गेली, आणि गल्लीतली मांजरं एकेक करून भिंतीवर येऊन बसली. एकानेही म्याव केलं नाही. मठात पाठ चालू असताना माणसं बसतात तशी ती शेपट्या गुंडाळून बसली होती. विलावनने हे रोज पाहिलं होतं आणि रोज ती झाकण हातात धरून बघत राहायची.

तिने सगळं सांगितलं. टुनाचं उकळलेलं पाणी किती आटवायचं, कोळंबीची डोकी कुठल्या रंगावर भाजायची, त्यांचा अर्क कधी घालायचा. हे तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

आजोबा मागच्या बाजूला गेले. मागच्या बाजूला दार नव्हतं.

"पलीकडच्या लेंगचा माणूस," थावी घरी आल्यावर सगळं ऐकून म्हणाला. लेंगचाही कारखाना मांजरांच्या खाण्याचाच होता, भिंतीला लागून. त्याचे डबे मांजरं हुंगून निघून जात.

"कुलूप होतं रे."

"भिंत चढला असेल."

"ऐंशीचा म्हातारा?"

"पगार बरा असेल."

"सरबताची गोडी गेली होती."

"साखर तूच विसरली असशील. लग्नात भात करायला विसरली होतीस."

खात्याचे खरे साहेब पुढच्या आठवड्यात आले, घामाने निथळत. त्यांनी सरबत तळ दिसेपर्यंत प्यायलं, आणखी मागितलं आणि मंजुरीचं बघतो म्हणाले. आधीचे आजोबा देवच होते, अशी विलावनची खात्रीच पटली. थावीचीही पटली, की तो लेंगचा माणूस होता.

मंजुरी हातात पडायच्या आत लेंगचे नवे डबे बाजारात आले. विलावनने एक आणून अंगणात उघडला. भिंतीवर मांजरं आली. शेपट्या गुंडाळून, गप्प बसली.

थावीला जिंकल्याचा आनंद होत नव्हता. तिचा हात धरून तो तिला तसाच लेंगच्या गेटवर घेऊन गेला. लेंग दारातच होता, लुंगीवर, हातात ताज्या झेंडूची माळ.

"लेंगकाका, माणूस पाठवून बायकोला फसवलंत," थावी म्हणाला. "समोरून मागितलं असतं तर निदान आम्ही नाही म्हणालो असतो."

"माणूस? कसला माणूस?"

"पांढऱ्या कपड्यातला म्हातारा. आमची कृती घेऊन गेला. तुमच्या डब्यात तीच आहे, नाही म्हणा."

"तीच आहे," लेंग म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "पण मी कुणाला पाठवलं नाही. मला ती झोपेत सांगितली."

"कुणी?"

मागे वळून लेंगने आपल्या गेटजवळच्या देवाच्या घराला माळ घातली, वाकून नमस्कार केला आणि तिथे कान लावून जरा वेळ थांबला.

"आमचे आजोबा विचारतायत," तो म्हणाला, "कुत्र्यांचं खाणं कधी सुरू करताय?"