साठ तासांची पूड

साठ तास फिरून चक्की थांबली होती. टायटॅनियम, कार्बन आणि निकेलची काळी पूड बंद डब्यात तयार होती. तिच्या वड्या भाजायला मृण्मयीला भट्टी फक्त उद्या मिळणार होती.

तेवढ्यात संचालक पाहुण्यांना घेऊन आले. "उघडा, बघू दे यांना."

"सर, हवा लागली तर पूड पेटेल."

"एवढ्यानं काय होतंय? उघडा."

तिनं प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या पेडणेकरकाकांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. तिनं झाकण फिरवलं.

काळ्या पुडीत एक लाल ठिपका उमटला आणि पसरत गेला.

"पाणी आणा!" संचालक ओरडले.

"पाणी नको, भडका उडेल!" काका म्हणाले.

सगळी पूड जळेपर्यंत सगळे नुसते बघत राहिले.

पाहुणे गेल्यावर संचालक मृण्मयीला हळूच म्हणाले, "तुम्ही मला अडवायला हवं होतं."