कानातली ओळ

ये हान नवऱ्याचा चष्मा लुंगीच्या कमरेला खोचून बौद्ध विहारासमोरच्या अंगणात अगदी पुढे जाऊन बसली. आज त्या सटवीची फजिती डोळे भरून बघायची होती.

सटवी म्हणजे आम सोई, नाटकातली राजकन्या. त्यांच्या गावच्या नाटकात नट एक कडवं गायला की मागे सरकतो, आणि रंगमंचावरच पोथी घेऊन बसलेला माणूस पुढचं कडवं त्याच्या कानात सांगतो. तो माणूस ये हानचा नवरा, साम लियांग. राजा मागे आला, की साम लियांग बसल्या जागेवरून सांगे. आम सोई आली, की तिच्या केसांतल्या फुलांना नाक लागेपर्यंत वाकून.

"तिच्या डोक्यात काही राहतच नाही गं," तो म्हणे. "तळ्यावर नेलेली म्हैस तिथंच विसरून येते ती. मी काय करू?"

गावही तेच म्हणायचं. शेजारची मावशी तर तोंडावर हसायची, "तुला बाई त्याच्या सावलीचाही संशय!"

तालमी सुरू झाल्यापासून ये हानला अन्न गोड लागत नव्हतं. नवरा हातचा जाईल, हीच धास्ती. आज बाई मुकी उभी राहिली, की गावच दुसरी राजकन्या शोधील.

झांजा वाजल्या. राजा आला, गायला, मागे गेला. साम लियांगने खिसे चाचपले, पोथी डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली.

"अरे, सांग की!"

"दिसेल तर सांगू! मला काय पाठ आहे?"

लोक पोट धरून हसले. राजा मुकुट सावरत आत पळाला. साम लियांगने पोथी मिटून बाजूला ठेवली.

आम सोई पुढे आली. पहिलं कडवं स्वच्छ गायली. एवढं तर येतच असेल, ये हान मनाशी म्हणाली. आम सोई मागे गेली. साम लियांग वाकला, त्याचे ओठ हलले. राजकन्येने पंख्याआड हसू दाबलं, पुढे येऊन दुसरं कडवं गायली. पुन्हा मागे गेली. पुन्हा तो वाकला. मग तिसरं, चौथं. एक शब्द चुकला नाही.

मावशीने ये हानला कोपर मारलं. "बघ गं, चष्मा नाही तरी बिचारा किती मन लावून सांगतोय!"