थोंगसुक काकांचे प्रश्न

“पोटात नळी बसवल्यावर बायकोजवळ झोपता येतं का?” थोंगसुक काकांनी विचारलं.

खोलीत खसखस पिकली. पिमजाई नर्सही हसली, पण उत्तर तिने नीट दिलं. “येतं की, काका. नळी चिकटपट्टीने पक्की करायची, ओढली जाणार नाही एवढं बघायचं.”

बुआलाईने लाजून मान खाली घातली. शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याने, खामसिंगने मात्र पहिल्यांदाच खिडकीबाहेरची नजर काढून नर्सकडे पाहिलं.

खिडकीबाहेर मेकाँगवर धुकं उतरलं होतं. नदी कुठे संपते आणि पलीकडचा लाओस कुठे सुरू होतो, कळत नव्हतं. खामसिंगच्या दोन्ही किडन्या निकामी होत आल्यात, असं डॉक्टर म्हणाले तेव्हापासून बुआलाईला सगळंच असं दिसत होतं. समोरच्या माणसाचे ओठ हलत, आणि शब्द पाण्याखालून आल्यासारखे मागाहून पोचत. किडनीच्या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी इस्पितळात भरणाऱ्या या वर्गाला तिने नवऱ्याला कसंबसं आणलं होतं.

“ऐकून घेतो,” तो वाटेत म्हणाला होता. “पण मला काही करून घ्यायचं नाही. जमेल तोवर जाळं टाकीन.”

पिमजाईने एकेक मार्ग सांगितला. इस्पितळात ठरल्या दिवशी येऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचं. नाहीतर घरीच, रोज, नळीवाटे पोटात औषधी पाणी सोडायचं आणि काही तासांनी काढायचं. कुणाची किडनी मिळाली, जुळली, तर ती बसवायची. ते सगळं बुआलाईच्या डोळ्यांपुढून तरंगत गेलं.

“आणि यातलं काहीच नको म्हटलं तर?” काकांनी विचारलं.

या वेळी कुणी हसलं नाही.

“तसंही ठरवता येतं,” पिमजाई म्हणाली. “आम्ही रागावणार नाही. त्रास कमी व्हावा म्हणून औषधं देत राहू. पण दिवस कमी मिळतील, काका. हळूहळू भूक जाते, अंगावर सूज येते, माणूस झोपेत बुडत जातो.”

“मला बायकोवर ओझं व्हायचं नाही.”

“तिला विचारलंत?”

काकांनी मान हलवली. “ते राहूनच गेलं.”

परतीच्या वाटेवर धुक्यात दोघं चालत होती आणि बुआलाईला वाटत होतं, पाय जमिनीला लागतच नाहीत.

“मी ओझं होईन का गं तुला?” खामसिंगने विचारलं.

“ओझं कसलं? तुमची ती खारट आंबवलेली मासळी बंद करीन, तेव्हा तुम्हीच मला कंटाळाल.”

तो हसला. कित्येक दिवसांत हसला नव्हता. घरीच पोटात पाणी सोडायचा मार्ग त्याने निवडला.

नदीचं पाणी उतरलं, मधले वाळूचे पट्टे उघडे पडले, तेव्हा दोघं तपासणीला आली. खामसिंगचा चेहरा उजळला होता. सकाळी पोटातलं पाणी बदलून तो पुन्हा नावेवर जाऊ लागला होता. वर्ग चालू होता, आणि आतून ओळखीचा आवाज आला.

“म्हणजे आंबवलेली मासळी चिमूटभरही नको?”

“अजून ठरत नाही वाटतं बिचाऱ्यांचं,” खामसिंग म्हणाला, आणि सरळ आत गेला. काकांपुढे बसून त्याने सदरा वर केला. “काका, ही बघा नळी. मीही घाबरलो होतो. हात स्वच्छ धुवायचे, खोली स्वच्छ ठेवायची, आणि पाणी आत सोडायचं. दुखत नाही. बायको अजून टाकून गेलेली नाही.”

काका वाकून बघत होते. मागच्या रांगेत तोंड मिटून बसलेली माणसंही उठून जवळ आली. एका बाईने नळीकडे बोट दाखवत काहीतरी विचारलं. खामसिंग तिला समजावू लागला.

पिमजाई दारापाशी उभी राहून हे बघत होती. बुआलाई तिच्या कानाशी लागली. “काकांनी फार उशीर करू नये हो. त्यांना नळी कधी बसवणार?”

“काकांना?” पिमजाई हळूच म्हणाली. “त्यांना काही झालेलं नाही. आजार काकूंना होता. वर्गाला यायच्या, लाजून काही विचारायच्या नाहीत, आणि काहीच नको म्हणतच वारल्या. आता लोक लाजून जे विचारत नाहीत, ते काका येऊन विचारतात.”